सूत्र पाठ आहे, पण हवी ती राशी बाहेर काढता येत नाही

प्रश्न असा आला आहे: "मी आयटीआयला टर्नर ट्रेडच्या पहिल्या वर्षाला आहे. कटिंग स्पीडचं सूत्र तोंडपाठ आहे. कटिंग स्पीड विचारला की उत्तर बरोबर येतं, पण त्याच सूत्रातून आरपीएम किंवा व्यास काढायला सांगितला की गोंधळ होतो. कोणतं पद वर जातं, कोणतं खाली, चिन्ह कधी बदलायचं, काहीच लक्षात राहत नाही. दहावीलाही हेच व्हायचं. काही पद्धत आहे का?"

पद्धत आहे, आणि एकच आहे. मी बरीच वर्षं वर्कशॉप कॅल्क्युलेशन शिकवतो आहे. तुझ्यासारखा प्रश्न दरवर्षी वर्गातल्या निम्म्या मुलांचा असतो. त्यातली बहुतेक मुलं हुशार असतात. त्यांना लहानपणी एक वाक्य पाठ करायला दिलेलं असतं, "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं", आणि ते वाक्यच त्यांना अडवतं. त्याच्याकडे पुढे येतोच. आधी हे सगळं लागतं कशासाठी ते बघू, कारण ते एकदा पटलं की अर्धं काम होतं.

लेथसमोर उभा राहा. कटिंग स्पीड, म्हणजे फिरत्या जॉबचा (कापायच्या धातूच्या तुकड्याचा) पृष्ठभाग टूलसमोरून ज्या वेगाने जातो तो, पुस्तकातल्या तक्त्यात मिळतो: अमुक धातूला, अमुक टूलला, मिनिटाला इतके मीटर. जॉबचा व्यास तू व्हर्नियरने मोजतोस. पण लेथच्या हेडस्टॉकवर कटिंग स्पीडचा लिव्हर नसतो. लिव्हर असतो फेऱ्यांचा, म्हणजे आरपीएमचा. म्हणजे सूत्र ज्या राशीसाठी लिहिलेलं आहे ती तुला आधीच माहीत आहे, आणि जी तुला हाताने लावायची आहे ती सूत्राच्या मधोमध अडकलेली आहे. तिला एका बाजूला एकटी आणायची, याला आपल्याकडे सूत्राचा कर्ता बदलणे म्हणतात. नाव चांगलं आहे. वाक्य तेच, कर्ता दुसरा.

मी अप्रेंटिस होतो तेव्हाची गोष्ट. सकाळभर २५ मिलिमीटरच्या जॉबवर काम केलं होतं, फेरे ३८० च्या आसपास. दुपारी ७५ मिलिमीटरचा जॉब चकमध्ये पकडला आणि फेरे तसेच ठेवून टूल लावलं. मिनिटभरात एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलचं टोक निळंकाळं पडलं, धार गेली. फोरमन ओरडले नाहीत. त्यांनी खडूने लेथच्या पत्र्यावर सूत्र लिहिलं आणि विचारलं, "व्यास तिप्पट झाला. वेग तोच हवा. मग फेरे?" सूत्र मला पाठ होतं, तरी उत्तर देता आलं नाही. कारण ते सूत्र मी फक्त डावीकडून उजवीकडे वाचलेलं होतं. उत्तर होतं एकतृतीयांश, १२७ च्या आसपास. मी ३८० वर ठेवले, म्हणजे टूल मिनिटाला ३० ऐवजी ९० मीटरने कापत होतं.

आता कामाला लागू. माझी पहिली विनंती: अक्षरं काही दिवस बाजूला ठेव आणि सूत्र पूर्ण शब्दांत लिही.

वेग = पाय × व्यास × फेरे ÷ १०००

वेग मीटर प्रति मिनिट, व्यास मिलिमीटरमध्ये, पाय म्हणजे ३.१४. १००० आहे तो मिलिमीटरचे मीटर करण्यासाठी, त्यात दुसरं काही गूढ नाही. शब्दांत लिहिलं की प्रत्येक पद म्हणजे एक वस्तू आहे हे दिसत राहतं. अक्षरांत लिहिलं की मुलं वस्तू विसरतात आणि अक्षरं इकडून तिकडे फेकायला लागतात.

आता फेऱ्यांकडे बघ आणि स्वतःला विचार: या बिचाऱ्या फेऱ्यांवर काय काय केलंय, आणि कोणत्या क्रमाने? आधी व्यासाने गुणलं, पायने गुणलं, मग १००० ने भागलं. तेव्हा वेग झाला. आता हे उलट्या क्रमाने सोडवायचं.

माझ्या आजीच्या घरी माजघरात मडक्यांची उतरंड होती. सगळ्यात खालच्या मोठ्या मडक्यात तांदूळ. तांदूळ हवे असतील तर आधी सगळ्यात वरचं, म्हणजे सगळ्यात शेवटी ठेवलेलं मडकं उतरवायचं, मग त्याखालचं. मधलं मडकं ओढलं की सगळी उतरंड खाली. सूत्राचंही तसंच. हवी ती राशी तळाच्या मडक्यात आहे. जी क्रिया सर्वांत शेवटी झाली ती सर्वांत आधी उतरवायची. भागलं असेल तर गुणून, गुणलं असेल तर भागून, मिळवलं असेल तर वजा करून, वर्ग केला असेल तर वर्गमूळ घेऊन. आणि उतरवताना दोन्ही बाजूंवर तीच क्रिया करायची, म्हणजे बरोबरीचं चिन्ह खरं राहतं.

शेवटी १००० ने भागलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंना १००० ने गुण:

१००० × वेग = पाय × व्यास × फेरे

फेऱ्यांना पाय आणि व्यास यांनी गुणलेलं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना त्यांनी भाग:

फेरे = १००० × वेग ÷ (पाय × व्यास)

व्यास ५० मिलिमीटर आणि वेग ३० हवा असेल तर ३०००० भागिले १५७, म्हणजे १९१ फेरे. कंस विसरू नकोस. कॅल्क्युलेटरवर ३०००० ÷ ३.१४ × ५० असं दाबलंस तर तो ५० ने गुणेल आणि उत्तर पावणेपाच लाखांच्या वर जाईल. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता मुलांना एकामागून एक दोनदा भागायलाच सांगतो: ३०००० ÷ ३.१४ ÷ ५०.

इथे केवळ गुणाकार-भागाकार होते, म्हणून क्रम चुकला असता तरी फारसं बिघडलं नसतं. यामुळेच "त्रिकोणात लिहा, हवं ते झाका" ही युक्ती विजेच्या वर्गात चालते: व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स अशा तीनच राशी, एक गुणाकार. ती युक्ती मी शिकवत नाही. पहिल्या महिन्यात तिच्यामुळे सगळं सोपं वाटतं आणि चौथी राशी आली, बेरीज आली किंवा वर्ग आला की मुलाच्या हातात काहीच उरत नाही.

वर्ग आल्यावर क्रमाचं महत्त्व कळतं. शीट मेटलच्या मुलांना मी एक लिटरचं माप करायला देतो: उंची १५ सेंटिमीटर, त्रिज्या काढा.

घनफळ = पाय × त्रिज्येचा वर्ग × उंची

एक लिटर म्हणजे १००० घन सेंटिमीटर. एका मुलाने आधी वर्गमूळ घेतलं, १००० चं ३१.६, मग पाय × उंची, म्हणजे ४७.१ ने भागलं. त्रिज्या आली ०.६७ सेंटिमीटर. मी त्याला पत्र्यावर तेवढं वर्तुळ आखायला सांगितलं. कंपास ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला. बोटाएवढ्या नळीत लिटरभर दूध कसं मावेल? मग त्यालाच विचारलं, त्रिज्येवर पहिली क्रिया कोणती झाली? वर्ग. म्हणजे ते सगळ्यात खालचं मडकं, ते शेवटी. आधी पाय आणि उंची उतरव: १००० भागिले ४७.१ बरोबर २१.२. मग वर्गमूळ, ४.६ सेंटिमीटर. वर्तुळ आखलं, माप झालं, आणि पाणी भरून मोजलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता त्या पाठ केलेल्या वाक्याकडे येतो. "पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं." ते खोटं नाही, पण ते कारण गाळून उरलेलं सालपट आहे. कोणतंच पद कुठेही "जात" नाही. आपण दोन्ही बाजूंतून तेवढंच वजा करतो, म्हणून इकडचं नाहीसं होतं आणि तिकडे उणे दिसतं. हे न कळता वाक्य वापरलं की मुलं गुणाकारालाही तेच लावतात: ३ गुणिले काहीतरी बरोबर १२, तर उत्तर १२ भागिले उणे ३. तीन पलीकडे गेला ना, मग चिन्ह बदललं! किंवा १२ वजा ३. दोन्ही मी पेपरात पाहिलंय, आणि ज्यांनी लिहिलं त्यांचा नियम पाठच होता.

तुझ्याच ट्रेडमधलं, जिथे उणे चिन्ह खरंच त्रास देतं असं एक सूत्र घे. टेपर टर्निंग, म्हणजे दांडा एका टोकाकडे निमुळता कापणं. त्यासाठी टूल धरणारी कंपाउंड स्लाइड किती अंशांत फिरवायची, त्या कोनाचा टॅन:

टॅन = (मोठा व्यास − लहान व्यास) ÷ (२ × लांबी)

लहान व्यास काढायचा आहे. शेवटची क्रिया भागाकार, तो उतरव:

२ × लांबी × टॅन = मोठा व्यास − लहान व्यास

इथे लहान व्यासाच्या मागे उणे आहे. घाईत मुलं मोठा व्यास पलीकडे नेतात आणि उणे विसरतात: लहान = २ × लांबी × टॅन − मोठा. मोठा ४०, लांबी ५०, टॅन ०.१ घातले तर १० वजा ४०, म्हणजे उणे ३० मिलिमीटरचा दांडा. मी अशा वेळी एक सवय लावतो: हवी असलेली राशी उणे असेल तर आधी दोन्ही बाजूंत तीच मिळवून तिला अधिक कर. मग डावीकडे २ × लांबी × टॅन + लहान, उजवीकडे नुसता मोठा. आता दोन्हीतून २ × लांबी × टॅन वजा:

लहान व्यास = मोठा व्यास − २ × लांबी × टॅन

४० वजा १०, ३० मिलिमीटर. एक ओळ जास्त लिहिली, पण उणे चिन्हाशी झटापट करावी लागली नाही.

इथवर उतरंड पुरते. एका ठिकाणी ती पुरत नाही, आणि ते ठिकाण नीट समजून घे, कारण बारावी झालेली मुलंही तिथे अडतात: हवी ती राशी सूत्रात दोनदा येते तेव्हा.

माझा एक जुना विद्यार्थी फॅब्रिकेशनचं छोटं दुकान चालवतो. एका गेटवर त्याचा खर्च ८००० रुपये, स्वतःला १००० सुटावेत अशी इच्छा. काम आणून देणारा मध्यस्थ बिलाच्या १० टक्के घेतो. त्याने ९००० वर १० टक्के चढवले, ९९०० चं बिल केलं. मध्यस्थाने ९९० घेतले. हातात उरले ८९१०. "सर, माझे ९० रुपये दर वेळी कुठे जातात?" असा त्याचा फोन. ते कुठेच गेले नव्हते. मध्यस्थ बिलाच्या १० टक्के घेत होता आणि हा ९००० चे १० टक्के धरत होता. सूत्र लिहून पाहू:

बिल = ९००० + (१० ÷ १००) × बिल

बिल दोन्ही बाजूंना आहे. आता कोणतं मडकं खालचं? ठरवता येत नाही. अशा वेळी आधी हवी ती राशी असलेली सगळी पदं एका बाजूला गोळा करायची, मग ती सामाईक काढायची:

बिल × (१ − १० ÷ १००) = ९०००

सामाईक काढलं की राशी पुन्हा एकदाच उरली आणि नेहमीची उतरंड सुरू: ९००० भागिले ०.९, म्हणजे १००००. मध्यस्थ १००० घेतो, हातात नेमके ९००० राहतात. दोनदा आली तर गोळा कर, सामाईक काढ, भाग. या तीन पायऱ्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेव.

याच चुकीचं दुसरं रूप जीएसटीत दिसतं. १८ टक्के धरून ११८०० चं बिल असेल तर मूळ किंमत किती? बरेच जण ११८०० मधून १८ टक्के, २१२४ वजा करतात आणि ९६७६ म्हणतात. पण १८ टक्के चढवले होते मूळ किमतीवर. एकूण = मूळ × ११८ ÷ १००, म्हणून मूळ = एकूण × १०० ÷ ११८, म्हणजे १००००. चढवलेला कर उतरवायचा तो १८ शंभरांशांनी नाही, तर १८ भागिले ११८ ने.

आणि हे आजचं शहाणपण नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीत व्यस्तविधी नावाची रीत आहे. ती नेमकी हीच: शेवटी जे दिसतं त्यापासून मागे जा, भागाकाराचा गुणाकार कर, गुणाकाराचा भागाकार, वर्गाचं मूळ, मुळाचा वर्ग, ऋणाचं धन, धनाचं ऋण. आणि त्यापुढेच ते सांगतात की राशीत तिचाच एखादा अंश मिळवलेला असेल तर उलट जाताना छेदात अंश मिळवून नवा छेद करा, वजा केलेला असेल तर छेदातून अंश वजा करा; अंश तोच ठेवा. शंभरांत अठरा मिळवून एकशे अठरा, हाच तो नियम. माझ्या विद्यार्थ्याच्या गेटचंही तेच: एक दशांश वजा होणार, म्हणून छेद दहातून एक गेला, नऊ, ९००० चा एक नवमांश १०००, तो मिळवायचा.

तिथलं उदाहरणही सुंदर आहे. एका संख्येला ३ ने गुणलं, आलेल्यात त्याचाच तीन चतुर्थांश मिळवला, ७ ने भागलं, त्यातून त्याचाच एक तृतीयांश काढला, वर्ग केला, ५२ वजा केले, वर्गमूळ घेतलं, ८ मिळवले, १० ने भागलं, तर २ आले. संख्या कोणती? मी दरवर्षी हे फळ्यावर घालतो आणि कोणालाही समीकरण मांडू देत नाही, फक्त मागे चालायला लावतो. २ चे २०, २० चे १२, १२ चा वर्ग १४४, त्यात ५२ मिळवून १९६, मूळ १४. इथे एक तृतीयांश काढलेला होता, म्हणून त्यात निम्मे मिळवून २१. सातपट १४७. इथे तीन चतुर्थांश मिळवले होते, म्हणून तीन सप्तमांश, म्हणजे ६३, काढून ८४. तीनने भागून २८. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. खानदेशातल्या मुलांना हे सांगितलं की ती जरा ताठ बसतात, आणि मला ते आवडतं.

इलेक्ट्रिशियनच्या मुलांसाठी एक छोटी सूचना. पॅरललमध्ये जोडलेल्या दोन रेझिस्टन्सचं सूत्र:

१ ÷ एकूण = १ ÷ पहिला + १ ÷ दुसरा

एकूण २ ओहम, पहिला ६ ओहम, दुसरा किती? इथे प्रत्येक अपूर्णांक वेगवेगळा उलटा करायचा नाही. तसं केलं तर दुसरा = २ − ६, उणे ४ येतो. आधी वजाबाकी पूर्ण कर: एक द्वितीयांश वजा एक षष्ठांश, म्हणजे एक तृतीयांश. मग एकदाच उलटं, ३ ओहम.

राहिला प्रश्न, किमती आधी घालायच्या की सूत्र आधी फिरवायचं? परीक्षेत एकच गणित असेल आणि वेळ कमी असेल तर आधी किमती घालून सोडवलंस तरी हरकत नाही, उत्तर तेच येतं. पण शॉपमध्ये दिवसात दहा व्यास येतात. तिथे सूत्र आधी फिरव आणि जे बदलत नाही ते एकत्र कर. १००० भागिले ३.१४ म्हणजे ३१८. म्हणून फेरे = ३१८ × वेग ÷ व्यास. एवढं एक ३१८ डोक्यात ठेवलं की कॅल्क्युलेटर खिशातच राहतो. वेग ३० असेल तर २० च्या जॉबला साधारण ४७७, ४० च्या जॉबला २३९. व्यास दुप्पट, फेरे निम्मे. फिरवलेलं सूत्र असं बघितलं की बरोबर फिरवलं का तेही कळतं: जॉब मोठा झाला की फेरे कमी व्हायलाच हवेत. वाढत असतील तर व्यास चुकून वर गेला आहे. एककंही बघ. मीटर गुणिले १००० म्हणजे मिलिमीटर, भागिले मिलिमीटर, उरलं "प्रति मिनिट". फेऱ्यांचं एकक तेच.

आणि ताळा कर. आलेलं उत्तर फिरवलेल्या सूत्रात नाही, मूळ सूत्रात घाल. ३.१४ × ५० × १९१ ÷ १०००, येतात २९.९९, म्हणजे ३० ला जुळलं. तुझ्या लेथच्या तक्त्यावर १९१ बहुधा नसेलच. त्याच्या खालचा जवळचा आकडा घे. समजा १८० आहे, तर तोही मूळ सूत्रात घालून बघ: २८.२६ मीटर प्रति मिनिट. जॉब लावायच्या आधी हा आकडा वहीत लिहून ठेव.